प्रश्न वाचला का?

सराव परीक्षेच्या मराठीच्या उत्तरपत्रिका तपासायला घेतल्या की पहिल्या पाच-सहा पेपरांतच मासला कळतो. उताऱ्यावरच्या एखाद्या प्रश्नाला निम्म्या वर्गाने तेच उत्तर दिलेले असते. तेच म्हणजे अगदी शब्दशः तेच, उताऱ्यातली दुसरी-तिसरी ओळ, स्वल्पविरामासकट. कॉपी म्हणावी तर मुले लांब लांब बसलेली होती आणि पर्यवेक्षकही कडक होते. प्रत्येकाने आपापल्या जागी, अगदी प्रामाणिकपणे, एकच युक्ती वापरलेली असते. प्रश्नातला एखादा ठळक शब्द हेरायचा, तो उताऱ्यात कुठे आलाय ते पाहायचे आणि त्याच्या आगेमागे जे वाक्य असेल ते उतरवून मोकळे व्हायचे.

पाचवी-सहावीपर्यंत ही युक्ती बहुतेक वेळा गुण मिळवूनही देते. गोची तिथेच होते.

गडचिरोली जिल्ह्यात एटापल्लीकडच्या एका आश्रमशाळेत मराठी शिकवायला लागलेल्या आणि पुढे चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीच्या बाजूला आलेल्या एका शिक्षिकेने असे गठ्ठे वर्षानुवर्षे तपासले आहेत. मुले त्यांना मॅडम म्हणतात, इथेही तेच म्हणू. सगळे जे निदान करतात तेच सुरुवातीला त्यांनीही केले होते, की मुलांना उताराच समजत नाही. घरची भाषा मराठी नाही, शब्द तोकडे, अवांतर वाचन जवळपास नाही. मग उत्तर कुठून येणार?

या निदानाला आधार नव्हता असे नाही. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा जुन्या चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला, पण दोन्हीकडच्या भाषांच्या हद्दी कुठल्याच नकाशाला जुमानत नाहीत. भामरागड-एटापल्लीकडे माडिया, धानोऱ्याकडे गोंडी, कोरचीत छत्तीसगढी, सिरोंच्यात तेलुगू. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांची गावे जिथे वसली त्या मुलचेरा-चामोर्शीच्या पट्ट्यात बांगला. जिवतीच्या बाजारात कोलामी, गोंडी, बंजारा बोली आणि मराठवाड्यातून येऊन स्थायिक झालेल्यांची मराठी एकाच सकाळी कानावर पडते. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरी, वडसा हा सगळा झाडीबोलीचा मुलूख. पाठ्यपुस्तकातली मराठी यांतल्या कुणाच्याच अंगणात बोलली जात नाही.

हेमलकशाला बाबा आमट्यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि १९७६ मध्ये तिथे शाळा उभी राहिली, तेव्हा हीच अडचण सर्वांत ढोबळ रूपात समोर आली होती. मुलांना मराठी येत नव्हती, शिकवणाऱ्यांना माडिया येत नव्हती. आधी मोठ्यांना मुलांची भाषा शिकावी लागली, मग मुले मोठ्यांची शिकली. त्या शाळेतून पुढे डॉक्टर, वकील, शिक्षक झाले. अलीकडे धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने तर गोंडी माध्यमाची स्वतःची शाळाच काढली. तेव्हा घरच्या भाषेचा प्रश्न खरा आहे, त्याबद्दल वाद नाही. मॅडमना पुढे शंका आली ती वेगळ्याच गोष्टीची.

एका तासाला त्यांनी उतारा वाचून घेतला आणि प्रश्न विचारलेच नाहीत. “काय वाचलं ते शेजारच्याला सांगा. माडियातच सांगा. मला नाही कळलं तरी चालेल,” एवढेच म्हणाल्या. वर्गात गलका झाला. एरवी तोंड न उघडणारी मुलगीही हातवारे करून बोलत होती. माडिया जाणणारे एक सहकारी गुरुजी व्हरांड्यातून चालले होते, त्यांना मॅडमनी आत बोलावून घेतले. ते दोन-तीन बाकांपाशी थांबून ऐकत राहिले आणि हसून म्हणाले, “सगळं बरोबर सांगून राहिले. उलट उताऱ्यात नाही तेही सांगून राहिले.”

मग त्याच उताऱ्यावरचे प्रश्न फळ्यावर लिहिले. वह्यांत काय उतरले? तीच दुसरी-तिसरी ओळ.

मॅडमनी एका मुलाला उभे केले. “उत्तर नको सांगू. हा प्रश्न तुला काय विचारतो आहे, एवढंच सांग.” मुलाने प्रश्न पुन्हा मोठ्याने वाचून दाखवला. “वाचलास. पण विचारतो काय?” वर्ग चिडीचूप. उतारा मुलांच्या आवाक्यात होता, अडत होते प्रश्नापाशी. ‘कारणे लिहा’, ‘परिणाम सांगा’, ‘तुमच्या शब्दांत स्पष्ट करा’, ‘सहसंबंध ओळखा’ ही मराठी ना घरी बोलतात, ना बाजारात, ना मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, नाटकात. ती फक्त प्रश्नपत्रिकेत राहते, आणि ती स्वतंत्रपणे शिकवायची असते हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. उतारा शिकवायला आपण तास घालवतो आणि प्रश्न मात्र मुलांना आपोआप कळतील असे गृहीत धरतो.

तेव्हापासून मॅडमनी उताऱ्यांचा शोध थांबवला आणि उतारे स्वतःच लिहायला घेतले. रेल्वेचा प्रवास, समुद्रकिनारा, शहरातली बाग हे विषय बाजूला ठेवून मुलांना जे हातापायांनी ठाऊक आहे तेच त्या लिहीत, म्हणजे न समजण्याची सबब उरत नाही आणि चूक नेमकी कुठे होते ते उघडे पडते. त्यांतला मोहाचा उतारा त्या अजूनही वापरतात:

‘मोहाची फुले गळायला लागायच्या आधी आजी झाडाखालचा पाला जाळते, म्हणजे पडलेली फुले नीट दिसतात. पाला पेटवण्याआधी ती भोवतालची जागा खराट्याने गोल झाडून घेते. आग पूर्ण विझेपर्यंत ती तिथून हलत नाही. मग रोज पहाटे आम्ही टोपल्या घेऊन झाडाखाली जातो. रात्रभर गळलेली फुले ऊन चढायच्या आत वेचायची असतात.’

प्रश्न चार. फुले केव्हा वेचतात? आजी झाडाखालचा पाला का जाळते? पाला पेटवण्याआधी ती भोवतालची जागा का झाडून घेते? आजी कशी आहे असे तुम्हाला वाटते, आणि कशावरून?

पहिल्या दोन प्रश्नांना अडचण नाही, उत्तर ओळीतच आहे. खरी परीक्षा तिसऱ्याची, कारण ते उत्तर उताऱ्यात कुठेच छापलेले नाही. त्यावर वह्यांत जे येते ते पाहण्यासारखे असते. सर्वांत मोठा गट लिहितो: ‘पाला पेटवण्याआधी ती भोवतालची जागा खराट्याने गोल झाडून घेते.’ म्हणजे प्रश्नच उत्तर म्हणून परत केला. दुसरा गट लिहितो: ‘फुले नीट दिसतात म्हणून.’ हे उत्तर बरोबर आहे, पण शेजारच्या प्रश्नाचे. तिसरा गट: ‘साफसफाईसाठी.’ इथे शाळेतल्या स्वच्छतेच्या पाठांचा असर दिसतो. थोडी मुले लिहितात, ‘आग जंगलात जाऊ नये म्हणून.’ आणि हमखास एखादा वस्ताद लिहितो, ‘फारेस्टवाले दंड करतात म्हणून.’

या शेवटच्या उत्तरावर मॅडम कधी काट मारत नाहीत. मोहाखालच्या आगीतून वणवा लागतो, वनखाते दरवर्षी बजावत असते आणि मुलांच्या घरी त्यावरून बोलणी होतात. कारण खरे आहे, फक्त ते या उताऱ्यातले नाही. सिंदेवाहीकडे आल्यावर असाच पेच पहिल्या प्रश्नावर पडला. ‘फुले केव्हा वेचतात?’ याला एका मुलाने लिहिले होते, ‘उजाडल्यावर. अंधारात वाघ राहते.’ ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, १९९५ मध्ये ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प झाला. पण वाघ काही उद्यानाच्या हद्दीत बसून राहत नाही. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या भागात मोहफुले आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात माणसांवर हल्ले होतात आणि एकट्याने, अंधारात जाऊ नका असे गावोगाव सांगितले जाते. त्या मुलाचे उत्तर जगण्याच्या परीक्षेत पैकीच्या पैकी होते.

“हे तुझ्या गावाचं उत्तर झालं,” मॅडम म्हणाल्या. “आता उताऱ्यातल्या आजीला विचार, ती केव्हा जाते.”

“तिच्या गावात वाघ नाही का मॅडम?”

वर्ग हसला, मॅडमही हसल्या. पण मुद्दा मुलांच्या डोक्यात त्या दिवशी पक्का बसला. काही प्रश्न आजीला विचारायचे असतात, काही स्वतःला. दुसरी एक मुलगी म्हणाली, आमच्याकडे पाला जाळत नाहीत, झाडाखाली जाळी बांधतात. तिला मॅडमनी सांगितले, हे चौथ्या प्रश्नात लिही. आजी सावध आहे, पण यापेक्षा सावध मार्गही आहे, असे लिही.

प्रश्नांची ही वर्गवारी मॅडमच्या डोक्यातून निघालेली नाही. अमेरिकेत टॅफी राफाएल या अभ्यासकांनी १९८०च्या दशकात असेच सुचवले होते. उत्तर लिहिण्याआधी ते कुठून येणार हे मुलाला ओळखू द्यावे: एका जागी लिहिलेले, दोन-चार जागांहून जोडायचे, लेखकाचे सांगणे आणि आपली समजूत मिळून काढायचे, की सर्वस्वी आपले. शिक्षण परिषदेत कुणाच्या तरी सादरीकरणात हा तक्ता आला होता. तक्ता पाहून बहुतेकांनी मान डोलावली आणि चहाला उठले. मॅडमनी तो वर्गात नेला, पण नावे मुलांनाच ठेवायला लावली. मुलांनी ठेवली: बोटाचा प्रश्न, जोडणीचा प्रश्न, डोक्याचा प्रश्न आणि आपला प्रश्न. उत्तर लिहिण्याआधी समासात बो, जो, डो किंवा आ असे एक अक्षर घालायचे. बस, एवढाच नियम.

या एका अक्षराने जे झाले ते कुठल्याही समजावण्याने झाले नव्हते. अक्षर घालायचे तर प्रश्न शेवटपर्यंत वाचावाच लागतो. शिवाय अक्षर चुकले तर उत्तर का चुकले ते मुलालाच दिसते. ‘जागा का झाडून घेते’ याला कुणी ‘बो’ घातले असेल, तर मॅडम फक्त म्हणतात, “ठेव बोट. दाखव.” बोट उताऱ्यावरून फिरते, कुठेच टेकत नाही, आणि मूल स्वतःहून खोडून ‘डो’ करते. याचा गैरफायदाही घेतला गेला. काही बहाद्दरांनी प्रत्येक प्रश्नाला ‘आ’ घालून मनाला येईल ते लिहायला सुरुवात केली. मग ‘आ’ घालणाऱ्याने उताऱ्यातली निदान एक गोष्ट नाव घेऊन सांगायची, अशी पुरवणी नियमाला जोडावी लागली.

जोडणीच्या प्रश्नांसाठी तेंदूपत्त्याचा उतारा कामी आला. एका पुड्यात ७० पाने, हजार पुड्यांची एक प्रमाणित गोणी, ही माहिती उताऱ्याच्या दोन टोकांना ठेवली आणि विचारले, एका गोणीत किती पाने? वर्गात ‘७०’ असे उत्तर लिहिणारी मुले निघाली. मे महिन्यात आईबापाबरोबर पुडे बांधणारी मुले! सत्तर पानांनी गोणी भरत नाही हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक असणार? पण वही उघडली की हातांना ठाऊक असलेले बाजूला राहते आणि नजर आकडा शोधत फिरते. “सत्तर पानांची गोणी उचलून दाखव,” म्हटल्यावर जो हशा पिकला त्यानंतर सत्तर हजार हे उत्तर सगळ्यांना आले.

प्रश्न ओळखता येणे हा अर्धाच रस्ता. उरलेला अर्धा लिहिण्याचा, आणि तो जास्त खडकाळ निघाला.

मॅडमनी एक साधी सक्ती केली. उतारा हवा तितक्या वेळा वाचा, हव्या त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारा, शेजाऱ्याला उत्तर तोंडी सांगा. मात्र लिहिताना उतारा पालथा. सुरुवातीला मुले हबकली. उताऱ्यावर नजर नसताना मराठी वाक्य स्वतः बांधायचे म्हणजे संकटच. जी वाक्ये आली ती तुटकी होती, पण पहिल्यांदाच ती मुलांची स्वतःची होती. एटापल्लीकडच्या एका मुलीची वही मॅडमना चांगली आठवते. आजीच्या तिसऱ्या प्रश्नाला तिने आधी उताऱ्यातली ओळ उतरवली होती. उतारा पालथा केल्यावर लिहिले, ‘आग जाते म्हणून.’ मॅडमनी चूक-बरोबर काहीच केले नाही. खाली लिहिले, ‘कुठे जाते?’ मुलीने त्याखाली लिहिले, ‘जंगलात जाते.’ मॅडमनी पुन्हा लिहिले, ‘झाडून घेतल्यावर का नाही जात?’ दुसऱ्या दिवशी वहीत होते: ‘सुका पाला असला की आग पुढे जाते. आजी पाला झाडून टाकते म्हणून आग जंगलात जात नाही.’

हे उत्तर कुठल्याही गाईडातल्या उत्तराहून सरस आहे. उताऱ्यात नसलेला दुवा, म्हणजे सुका पाला आणि आग यांचा संबंध, तिने स्वतः घातला आहे. आणि तो तिच्याकडे आधीपासून होता. कुणी विचारला नव्हता, इतकेच.

वहीतले शेरे हा आपल्याकडे दुर्लक्षिला गेलेला विषय आहे. ‘छान’, ‘प्रगती करा’, ‘अक्षर सुधारा’, ‘व्हेरी गुड’चा शिक्का. यांतून उत्तराचे पुढे काय करायचे ते मुलाला कळत नाही. मॅडमचा अनुभव असा, की शेरा प्रश्नाच्या रूपात असला आणि त्याखाली दोन ओळी कोऱ्या सोडल्या, तर मूल लिहिते. कोऱ्या ओळी न सोडता विचारलेला प्रश्न मुले शेऱ्यासारखाच वाचतात आणि पान उलटतात. अर्थात, भरलेल्या वर्गाच्या सगळ्या वह्यांत असे लिहिणे कुणालाच शक्य नाही. म्हणून त्या पाचापैकी एकच उत्तर असे तपासतात, बाकीच्यांवर नुसती नजर टाकतात. वरिष्ठांना सगळी पाने लाल शाईने भरलेली पाहायची असतात, हा भाग वेगळा.

शुद्धलेखनाचा वादही इथेच येतो. झाडीबोलीत ण आणि ळ नाहीत. तोंडात ‘पानी’ आणि ‘डोरा’ आहे तर कागदावर ‘पाणी’ आणि ‘डोळा’ सहजी येत नाही, ‘कारण’चे ‘कारन’ होते. माडिया-गोंडीतून येणाऱ्या मुलांची अडचण आणखी वेगळी. त्यांच्या भाषेत मराठीसारखी तीन लिंगे नाहीत, त्यामुळे क्रियापद कर्त्याच्या मागे नीट जात नाही. सहकाऱ्यांपैकी काहींचे म्हणणे, चूक दिसली की तिथल्या तिथे सुधारावी, नाहीतर सवय लागते. मॅडमनी आकलनाच्या उत्तरांपुरते वेगळे ठरवले. पहिल्या वाचनात शुद्धलेखनाला हात लावायचा नाही. ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीतही वाचनाची उत्तरे तपासताना स्पेलिंग-व्याकरणाच्या चुकांना गुण कापत नाहीत, अर्थ बिघडत असेल तरच त्यांचा विचार होतो. हे कळल्यावर त्यांना स्टाफरूममध्ये बोलायला बळ आले. शुद्धलेखनाचा तास स्वतंत्र घ्यावा, कडक घ्यावा. पण ‘कारन आग जंगलात जाते’ या उत्तरात ‘ण’वर लाल गोल पडला की मूल पुढच्या वेळी ‘कारण’ हा शब्दच टाळते, आणि शब्दाबरोबर कारण देणेही टाळते. हे त्यांनी इतक्या वेळा पाहिले आहे की त्यावर त्या आता वाद घालत नाहीत.

सर्वांत उपयोगी पडलेला तास मात्र फळ्यावरचा. एकाच प्रश्नाची तीन-चार उत्तरे, नावे न घेता, फळ्यावर लिहायची आणि मुलांनाच परीक्षक करायचे: दोनपैकी किती द्याल? मुले भयंकर कडक निघाली. ‘साफसफाईसाठी’ला शून्य. ‘आग जाते म्हणून’ला एक. मग बाचाबाची. एक का? अर्धा का नाही? एकीने सांगितले, “कुठे जाते ते लिहिलंच नाही.” चांगले उत्तर म्हणजे काय, हे मॅडमनी कितीदा तरी सांगितले होते. मुलांना ते कळले दुसऱ्याच्या उत्तराला गुण देताना. हा तास घेण्यात एकच धोका आहे. अक्षरावरून मुले लेखक ओळखतात, म्हणून फळ्यावर मॅडमच लिहितात, आणि त्यांत एखादे उत्तर त्यांनी स्वतः बनवलेले असते, म्हणजे कुणाचे हसे झालेच तर ते त्यांचे होते.

दहावीच्या वर्गात या सगळ्याला कृतिपत्रिकेची चौकट भेटते. मराठी कुमारभारतीच्या ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत गद्य विभाग १८ गुणांचा. पाठ्यपुस्तकातले दोन उतारे सात-सात गुणांचे, अपठित उतारा चार गुणांचा. सातांची वाटणी अशी, की आकलनाच्या दोन कृती दोन-दोन गुणांच्या आणि स्वमत तीन गुणांचे. आकलनाच्या कृती बहुधा आकृतिबंध, चौकटी, ओघतक्ता अशा रूपात येतात. चौकटीत एक-दोन शब्द भरले की गुण मिळतात. पाठांतराला आळा बसावा म्हणून हे आले आणि तेवढ्यापुरते ते बरेच झाले. पण वाक्य लिहायची वेळ थेट स्वमतालाच येते. दोन शब्दांच्या चौकटीवरून मूल एकदम सात-आठ ओळींच्या मतावर फेकले जाते, मधली पायरीच नाही.

मग गाईड ती पायरी होते. ‘स्वमत’ म्हणून अख्ख्या वर्गाचे एकच मत, तेही एकाच प्रकाशनाचे! ‘प्रस्तुत पाठातून लेखकाने मानवी मूल्यांचे दर्शन घडवले आहे’ असे वाक्य कोरचीच्या मुलाने लिहिलेले दिसले की मॅडमना हसावे की रडावे कळत नाही. या मुलांना मते नसतात असे थोडेच आहे? दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटके सुरू होतात, ती थेट होळीपर्यंत चालतात. वडसा हे त्यांचे मोठे केंद्र. याच रंगभूमीवरच्या कामासाठी परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. गावात मंडई असली की मुले रात्रभर जागून नाटक पाहतात आणि दुसऱ्या दिवशी वर्गात पेंगतात. मॅडमनी रागावण्याऐवजी एकदा विचारले, खलनायकाला शेवटी माफ करायला नको होते, असे किती जणांना वाटते? पेंगणारे जागे झाले. दोन तट पडले, तिसऱ्या अंकातले संवाद पुरावा म्हणून फेकले जाऊ लागले. “हेच स्वमत,” मॅडम म्हणाल्या. “आता हेच सात ओळींत लिहा. पहिल्या ओळीत तुमचं म्हणणं, मग नाटकात काय घडलं, मग त्यावरून तुम्ही असं का म्हणता.”

लेखा-मेंढ्याचाही एक उतारा त्यांनी केला आहे. धानोरा तालुक्यातल्या या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि तिथली ग्रामसभा बहुमताने नाही, सर्वसहमतीने निर्णय घेते. ‘वर्गाच्या सहलीचे ठिकाण बहुमताने ठरवावे की सर्वसहमतीने?’ या प्रश्नावर ग्रामसभेच्या गावांतून आलेली मुले असे लिहितात की शहरातल्या मुलांनी वाचावे. एकाने लिहिले होते, सर्वसहमतीला वेळ लागते, पण मग कोणी रुसत नाही. एका ओळीत तोटा, फायदा आणि निवाडा!

हे सगळे सुरळीत चालते असा समज नको. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी असते, मार्च-एप्रिलमध्ये मोह. नेमकी परीक्षेच्या तोंडावर उपस्थिती रोडावते आणि वसतिगृहातून घरी गेलेले मूल कधी परत येईल याचा भरवसा नसतो. ज्यांना अजून अक्षरे जुळवून वाचायलाच त्रास होतो त्यांना ‘बो-जो-डो-आ’चा काहीच उपयोग नाही. त्यांना आधी वाचायला शिकवावे लागते, आणि असे एखाद-दुसरे मूल आठवीतही सापडते. नवोदयच्या प्रवेश परीक्षेची तयारी करून घेणारे पालक विचारतात, यात लिहायचे कुठे असते? खरेच आहे. घोटच्या नवोदयला सहावीत जायचे तर भाषेचे वीस प्रश्न उताऱ्यांवर असतात, पण सगळे पर्यायी, गोल काळा करायचा. तिथे वाक्य बांधता आले नाही तरी चालते. त्या पालकांना मॅडम इतकेच सांगतात, की पर्याय निवडायलाही प्रश्न तर वाचावाच लागतो.

निकालात याने मोठी क्रांती झाली असेही नाही. चौकटींचे गुण मुलांना आधीही मिळत होते. फरक दिसतो तो स्वमताच्या तीन गुणांत आणि कोऱ्या जागांत. उत्तर कोरे सोडणारी मुले कमी झाली आहेत. पूर्वी न येणाऱ्या प्रश्नाखाली रिकामी जागा किंवा उताऱ्यातली एखादी ओळ असे, आता तिथे निदान दोन तुटकी वाक्ये असतात आणि त्या वाक्यांत बहुधा एक ‘म्हणून’ असतो.

२०२३-२४ पासून राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा सुरू झाली. अनुत्तीर्ण झालेल्यांना पुनर्परीक्षा आणि तीही न जमल्यास त्याच वर्गात बसणे, असा नियम आहे. म्हणजे उताऱ्यावरच्या त्या दोन-तीन ओळींवर आता पूर्वीपेक्षा जास्त अवलंबून आहे. शाळेत, केंद्रात घटक चाचण्या आणि सराव पेपर काढणाऱ्या गुरुजींना आणि मॅडमना म्हणून एक विनंती. पाचवीच्या पेपरापासूनच प्रत्येक उताऱ्यावर निदान एक प्रश्न असा ठेवा, ज्याचे उत्तर कुठल्याही एका ओळीत सापडणार नाही. त्याला दोन गुण द्या. आणि उताऱ्यातली ओळ जशीच्या तशी उतरवणाऱ्याला त्यांतला एकही देऊ नका.